गंजलेली फियाट गंजलेलीच का केली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र जरा लांबलंय, पण जेवढं छापता येईल तेवढं छापा ही विनंती. मी सांगलीचा, ३१ वर्षं गॅरेजमध्ये डेंटिंगचं काम केलं, आता गुडघ्यामुळं बंद केलंय. यंदा गणपतीत आमच्या मंडळानं मांडवाच्या एका बाजूला टेबल टाकून मी केलेलं एक मॉडेल ठेवलं होतं. प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपण सगळे जिला फियाट म्हणतो ती, पण भंगारात पडलेली, गंजून भोकं पडलेली, एक दार नसलेली, चाकं जमिनीत रुतलेली. बघायला लोक खूप आले, लहान पोरं तर हलायलाच तयार नव्हती, पण मोठ्या माणसांकडनं एकच प्रश्न सारखा आला, की मिस्त्री एवढी मेहनत घेतलीय तर जरा चकचकीत तरी करायची, ही भंगारातली कशाला केली? एक ताई तर म्हणाल्या देवापुढं भंगार मांडू नये. मी त्यावेळी काही बोललो नाही कारण मांडवात गर्दी होती आणि मला पटकन उत्तर देता येत नाही. ते उत्तर आता लिहून पाठवतोय.

आधी त्या गाडीबद्दल. कुपवाडकडं जाताना एक भंगाराचं यार्ड लागतं, तिथं ही फियाट मागच्या कुंपणाला लागून उभी होती. मालकांनी सांगितलं की २०१९ च्या पुरात सापडलेली गाडी आहे, गावभागातल्या कुणाची तरी. त्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट आहे, म्हणजे काय झालं असेल ते सांगलीकराला वेगळं सांगायला नको. माणसं निघाली, जनावरं काढली, गाड्या जागच्या जागी राहिल्या. ही पण तशीच राहिली, पुन्हा चालू झालीच नाही, मग काही दिवस दारात, नंतर यार्डात.

मी फियाट कितीतरी हाताखालनं घातल्यात. कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची, पद्मिनी हे नाव १९७४ पासनं लागलं, आधी तीच गाडी फियाट ११०० डिलाइट म्हणून यायची. १०८९ सीसीचं इंजिन, स्टेअरिंगच्या दांड्यावर गिअर, मागं पाटे म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा. एकेकाळी पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघायचे लोक, आणि गाडी आली की पेढे वाटायचे, हे मी स्वतः बघितलंय. उत्पादन २००१ च्या सुमारास थांबलं. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरनं गेली तेव्हा सगळ्या पेपरात फोटो आले होते, आपल्या गावात मात्र अशा गाड्या एकेक करून गुपचूप गेल्या, कुणाला पत्ता पण नाही.

तर मी सुरुवातीला त्या यार्डात गेलो होतो एका माणसासाठी दाराचं हँडल शोधायला. हँडल मिळालं नाही पण त्या गाडीसमोर मी तासभर उभा राहिलो. का ते सांगतो. डेंटरचं सगळं आयुष्य गंज झाकण्यात जातं. पत्रा कापायचा, तुकडा जोडायचा, लांबी म्हणजे पुट्टी भरायची, घासायचं, प्रायमर, रंग, गिऱ्हाईक खूश. गंज दिसला की तो घालवायचा एवढंच डोक्यात असतं, त्याच्याकडं नीट बघायला वेळच नसतो. इथं पहिल्यांदा कुणी झाकलेला नव्हता, आणि कुठला गंज कशानं आलाय ते मला सगळं वाचता येत होतं.

टपावरचा रंग उन्हानं उडून पांढरट झालेला, बोनेटचं पण तसंच, पण बाजूच्या पत्र्याला मूळचा फिकट निळा अजून शाबूत, कारण ऊन वरनं पडतं. समोरच्या काचेच्या रबराखाली पाणी साचतं म्हणून तिथनं फोड आलेले. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा खातो, म्हणून रंग आधी फुगतो, मग फुटतो, मग सोलतो, आणि त्या प्रत्येक फोडाखालनं एक तपकिरी ओघळ सरळ खाली आलेला, पावसानं काढलेला. बॅटरीच्या ट्रेखालचा पत्रा ॲसिडनं आधीच खाल्लेला होता, तो पुराच्या पण आधीचा, त्याची कड वेगळी असते. आणि सगळ्यात वाईट होतं दाराखालचं सिल. पुराचा गाळ त्या पोकळ पेटीत शिरला आणि आतच राहिला, गाळ ओल धरून ठेवतो, त्यामुळं ते आतनं बाहेर खात आलं, बाहेरनं रंग बरा दिसतोय आणि बोट लावलं की आत जातंय. बंपरच्या क्रोमवर बारीक काळे ठिपके. खिडकीची काच खाली गेलेली, आत उंदराचं घर.

गाळाची रेघ बाहेर नव्हती, इतक्या वर्षांच्या पावसानं धुतली होती. पण आत, दाराच्या अस्तरावर आणि मागच्या सीटच्या पाठीवर ती होती, एक नाही, एकाखाली एक अशा चार, पाणी उतरताना जिथं जिथं थांबलं तिथं तिथं. वरची रेघ जमिनीपासनं ९० सेंटीमीटर. मी टेप लावून मोजली. ती मोजताना मला आमच्या घरातली भिंत आठवली, आम्ही ती रंगवून टाकली होती दिवाळीला, सगळ्यांनीच रंगवल्या.

आता कळलं असेल मी गाडी चकचकीत का केली नाही. चकचकीत फियाट कशी दिसायची हे कंपनीच्या जाहिरातीत आहे, लोकांच्या लग्नाच्या अल्बममध्ये आहे. पण सांगलीत उभी राहून, ऊन खाऊन, पुरात बुडून, त्या गाडीचं काय झालं ते फक्त त्या पत्र्यावर लिहिलेलं होतं, आणि तो पत्रा आज ना उद्या गॅस कटरखाली जाणार होता.

मालकांना विचारलं, मापं घेऊ का. ते म्हणाले, "घ्या की मिस्त्री, तुमाला कोण न्हाई म्हणतंय, पण सापाकिरड्याचं बघा." मग दर रविवारी सकाळी जायचो, वही, टेप, एक जुना कॅलिपर आणि पुतण्याचा मोबाईल फोटोला. २४ पटीनं लहान करायचं ठरवलं, गाड्यांच्या मॉडेलसाठी ते माप जगभर चालतं आणि सोयीचं आहे, हातात मावतं आणि बारकावे पण दाखवता येतात. गाडीची लांबी ३९३ सेंटीमीटर, म्हणजे मॉडेल १६ सेंटीमीटर आणि वर पावणेचार मिलिमीटर. पुढच्या चाकापासनं मागच्या चाकापर्यंत २३४ सेंटीमीटर, मॉडेलमध्ये पावणेदहा. १४ इंची रिम दीड सेंटीमीटरच्या आत येते. दाराच्या फटी पाच मिलिमीटर, त्या झाल्या ०.२. गाळाची वरची रेघ पावणेचार सेंटीमीटरवर.

आणि पत्रा. इथं माझी खरी परीक्षा होती. गाडीचा पत्रा एक मिलिमीटरच्या आतबाहेर असतो, त्याला २४ नं भागलं की ०.०४ मिलिमीटर येतं. तुमच्या पेपरचं पान सुद्धा त्याच्यापेक्षा जाड असतं. अखंड गाडी करायची असेल तर हे लपतं, जाड पत्रा वापरला तरी बाहेरनं कुणाला कळत नाही, पण गंजलेल्या गाडीला भोकं आहेत आणि प्रत्येक भोकाला कड आहे, ती कड जाड दिसली की ती गाडी राहत नाही, खेळणं होतं. बाजारात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या मॉडेलला लोक भोकं पाडतात तिथं हेच होतं, आतनं घासून घासून कड पातळ करावी लागते.

पहिलं मॉडेल मी तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं केलं. सागवानी लाकडाचा ठोकळा तासून साचा केला आणि त्यावर बारीक हातोडीनं पत्रा बसवला, हे काम माझ्या हातातलंच. मनात होतं की खऱ्या लोखंडाला खराच गंज आणू. कल्हई खरवडली, मीठ आणि व्हिनेगरचं पाणी लावून ठेवलं, आठवड्यात झकास गंज आला, आणि तिथंच चुकलं. खऱ्या गंजाचा कण अर्धा मिलिमीटर असला तर मॉडेलमध्ये तो खऱ्या गाडीवरच्या १२ मिलिमीटरच्या ढेकळासारखा दिसतो. गाडी गंजलेली नाही, खडी चिकटवल्यासारखी दिसायला लागली. शिवाय तो गंज थांबेना, पावसाळा संपेपर्यंत मागचं दार बिजागरीपासनं गळून पडलं. चार महिन्यांचं काम गेलं. त्या रात्री मी जेवलो नाही, घरच्यांनी पण काही विचारलं नाही.

दुसऱ्यांदा कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा घेतला, तो ॲल्युमिनियमचा, ०.१ मिलिमीटरच्या आसपास असतो, आणि जिथं भोकं यायची होती तिथं तेवढा भाग कापून गोळ्यांच्या पाकिटामागची चांदी दुहेरी करून बसवली. ती दुहेरी घडी बरोबर त्या ०.०४ च्या जवळ जाते. सुईनं टोचली, पिनेच्या टोकानं कडा उचलल्या, आणि पहिल्यांदा मला यार्डातलं सिल हातात दिसलं.

गंजाचा रंग कसा आणायचा यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. परदेशी तयार पावडरी मिळतात पण महाग, आणि त्यात असतं काय तर बहुतेक आयर्न ऑक्साइड, म्हणजे आपला गेरू. तुळशीवृंदावनाला लावतो तो. किराणा दुकानातनं पाव किलो आणला, ओढणीच्या कापडातनं तीनदा गाळला, सगळ्यात बारीक जो हवेत उडतो तेवढाच घेतला. नवीन गंज नारिंगी असतो, जुना चॉकलेटी, अगदी जुना जवळजवळ काळा, म्हणून नारिंगीसाठी मी सांगलीचा माणूस आपली हळद मिसळून बघितली. दिसायला एक नंबर झालं, पण खिडकीत ठेवलं तर आठ दिवसांत पिवळा उडून गेला, हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. गेरू मात्र तसूभर हलला नाही, कारण तो मुळात गंजलेलं लोखंडच आहे, त्याचं जे व्हायचं ते होऊन गेलंय. मग पिवळी माती वापरली, तिचा रंग पण लोखंडाचाच.

रंग सोललेला दाखवायची एक पद्धत आहे, ती शिकण्यासारखी आहे म्हणून लिहितो. आधी सगळ्या बॉडीला गडद तपकिरी द्यायचा, वाळू द्यायचा, त्यावर केसांना मारतात तो हेअरस्प्रे मारायचा, तो वाळला की वरनं गाडीचा निळा ॲक्रिलिक रंग पातळ थरात. मग तासाभरात कोमट पाण्यात ब्रश बुडवून हळूच घासायचं. हेअरस्प्रे पाण्यात विरघळतो आणि वरचा निळा खपली धरून निघतो, खालचा तपकिरी दिसतो. हातानं ठिपके काढून हे कधीच जमत नाही, ते ठिपके ठिपकेच दिसतात. पण उशीर केला, रात्रभर ठेवलं, की मग रंग सुटत नाही. कुठं घासायचं हे मात्र वहीत बघून, मनानं नाही. मनानं घासलं की माणूस सगळीकडं सारखंच घासतो, आणि गंज कधीच सगळीकडं सारखा नसतो.

गाळासाठी कृष्णेचाच गाळ आणला, घाटावरनं, वाळवून वाटून गाळून पातळ फेविकॉलमध्ये. चार रेघा आतल्या बाजूनं, दार लावल्यावर त्या दिसत पण नाहीत, फक्त ज्या बाजूचं दार नाही तिथनं वाकून बघितलं तर दिसतात. काचेला झटपट चिकटणारा गोंद वापरला होता, त्याच्या वाफेनं सगळ्या काचा पांढऱ्या धुरकट झाल्या, त्या काढून पुन्हा केल्या, पांढऱ्या गोंदानं. कुणी करणार असेल तर काचेजवळ तो गोंद आणू नका, आणि खिडकी उघडी ठेवून काम करा, तो वास आणि हेअरस्प्रे दोन्ही छातीला वाईट.

सगळं धरून १४ महिने लागले. मॉडेल पूर्ण व्हायच्या तीन आठवडे आधी यार्डात गेलो, मागच्या पाट्याच्या बिजागरीचं माप राहिलं होतं, तर गाडीच्या जागी मोकळी जमीन. गवतात चार चौकोनी खड्डे, जिथं चाकं रुतली होती तिथं, आणि तपकिरी माती. मालक म्हणाले लॉट निघाला, कटिंग झालं. त्यांची काहीच चूक नाही, तो धंदाच आहे, आणि लोखंड वितळून पुन्हा वापरात येतं हे चांगलंच आहे. २०२१ मध्ये केंद्राचं स्क्रॅप धोरण आल्यापासनं जुन्या गाड्या आणखी लवकर जाणार, त्याला पण माझा विरोध नाही, जी गाडी धूर सोडते आणि जिचा ब्रेक लागत नाही ती रस्त्यावर नकोच. माझं म्हणणं एवढंच आहे की जायच्या आधी कुणीतरी टेप लावा, फोटो काढा, वहीत लिहा. हरिपूरची हळदीची पेवं बघा, तोंड अरुंद आणि आत ऐसपैस खोली, जमिनीखाली हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या पुरात त्यातली बरीच खराब झाली. आज एखाद्या पोरानं विचारलं की पेव आतनं कसं होतं, तर किती जण वहीत मापं काढून दाखवतील?

आणि हे आपल्याला येत नाही असं नाही. दिवाळीत घरोघर पोरं किल्ले करतात, दगडमाती आणून बुरूज, तळं, मोहरी पेरून हिरवळ, वर मावळे. माझं मॉडेल त्याच्यापेक्षा वेगळं काय आहे? मिरजेत भोपळ्यातनं तंबोरा करणारे कारागीर हातानं जे करतात त्याला तर जगात तोड नाही. हात आहेत, डोळा आहे, फक्त मोजायची सवय कमी पडते. म्हणून मंडळांना आणि शाळांना माझी विनंती आहे की किल्ला स्पर्धा घेता त्याबरोबर एक गट असा ठेवा की पोरांनी आपल्या गल्लीतली कुठलीही एक खरी वस्तू निवडायची, स्वतः जाऊन मोजायची आणि मापात छोटी करायची. पडका वाडा चालेल, उसाची बैलगाडी चालेल, रसवंतीचा चरक चालेल. पडलेली, मोडलेली असली तर आहे तशीच करायची, दुरुस्त करायची नाही. बक्षीस वहीला द्या, नुसत्या दिसण्याला नको. मांडवात एक सातवीतला मुलगा रोज यायचा, त्यानं पाचव्या दिवशी मला विचारलं, "काका, ह्या बाजूचा गंज त्या बाजूपेक्षा जास्त का हाय?" मी म्हटलं तूच सांग. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "ती बाजू कुंपणाकडं असंल, सावलीत, वाळत नसंल लवकर." बरोबर होतं. यार्डात ती बाजू कुंपणाकडंच होती आणि हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. त्याला मी माझी वही आठवडाभरासाठी घरी दिली.

त्या ताईंना पण सांगायचंय, की मी देवापुढं भंगार मांडलं नाही. तुमच्या आमच्या दारात पुरात उभी राहिलेली एक गाडी मांडली. पुढच्या वर्षी या आणि त्या दार नसलेल्या बाजूनं वाकून आत बघा, रेघा दिसतील.

एक काम मात्र अडलंय. पुढच्या जाळीवरचं कंपनीचं चिन्ह त्या गाडीवर नव्हतं, कुणीतरी आधीच काढून नेलेलं, नुसती दोन भोकं होती. मॉडेलमध्ये मी ती दोन भोकंच ठेवलीत, ते बरोबरच आहे. पण मी आता त्याच गाडीचं दुसरं मॉडेल करायला घेतलंय, ३ ऑगस्ट २०१९ ची, पाणी यायच्या आधी दारात उभी असलेली, म्हातारी पण चालू. त्यासाठी चिन्हाचं माप हवं. सांगली मिरजेत कुणाच्या माळ्यावर, कपाटात फियाटचं ते चिन्ह पडलं असेल तर मला वस्तू नको, दहा मिनिटं कॅलिपर लावू द्यावा. आणि ती गाडी ज्यांची होती ते हे वाचत असतील तर तिचा पुराआधीचा एखादा फोटो असला तर बघायला मिळावा, घरात कुणी बोनेटला टेकून काढलेला असला तरी चालेल. संपादक साहेब, असं कुणी तुमच्या ऑफिसला कळवलं तर कृपया माझ्यापर्यंत पोचवा, पत्ता पाकिटावर लिहिलाय.

आपला नेहमीचा वाचक,
एक निवृत्त डेंटर, सांगली